पांचाळमामांचा कान

दत्तोबा पांचाळ आमच्या घरी पहिल्यांदा आले आणि पाचच मिनिटांत बैठकीत हातापायांवर रांगायला लागले. वय साठीच्या पुढचं, अंगात पांढरा सदरा-पायजमा, खिशात टेप आणि चपटी पेन्सिल. शरीर असं भारी की खाली बसतानाच त्यांना दिवाणाचा आधार घ्यावा लागला होता. डोळे मिटून, मान एका अंगाला कलती करून ते भिंतीच्या कडेकडेनं सरकत होते. मध्येच थांबायचे, हातभर मागं यायचे, पुन्हा पुढं. माझी बायको चहा घेऊन दारापर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं.

"वहिनी, ट्रे खाली ठेवा," मामा डोळे न उघडता म्हणाले. "कपबश्या वाजून राहिल्यात."

पांचाळमामा वुफर विकत. म्हणजे गाण्यातला खालचा, जाड आवाज देणारे डबे. नांदेडला जुन्या मोंढ्याजवळच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकानात तयार माल थोडा, बाकी सगळा प्लायवूड, सरस आणि भुसा. बापजादे औतं-तिफणी करणारे सुतार. मामांनी तरुणपणी रेडिओ दुरुस्ती शिकून घेतली आणि दोन्ही धंदे एकत्र केले. आतला स्पीकर बाहेरून आणायचा, डबा मात्र स्वतःच्या हातानं करायचा. आणि गिऱ्हाइकाची खोली पाहिल्याशिवाय काहीही विकायचं नाही.

"डबा इकणारा दुकानात बसतो सर," ते म्हणायचे. "आवाज इकायचा तर लोकांच्या घरी जावं लागतं."

खोली पाहायची त्यांची रीत ठरलेली होती. घरातला माणूस जिथं बसून ऐकणार तिथं, म्हणजे खुर्चीवर किंवा दिवाणावर, वुफर ठेवायचा आणि एकच गाणं पुन्हा पुन्हा लावायचं. मग स्वतः खोलीभर रांगत फिरायचं. खालचा आवाज ज्या ठिकाणी स्वच्छ लागेल, गोळा होऊन घुमणार नाही, तिथं पेन्सिलीनं फरशीवर फुली मारायची. ती डब्याची जागा. ऐकणारा आणि डबा यांनी जागा बदलल्या तरी खोलीला फरक पडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी गणिताचा मास्तर असूनही मला ते पटायला वेळ लागला.

"विहिरीचं पाणी बघणारा तळहातावर नारळ घेऊन शेतभर फिरतो का न्हाई? तसंच हाय हे," त्यांनी मला समजावलं. "फरक एवढाच, माझा नारळ मानेवर हाय."

मी दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा इंटरनेटवरून एक यादी करून नेली होती. सहा हजारांच्या आत बसणारे सात वुफर, प्रत्येकाचे इंच, प्रत्येकाचे वॅट. मामांनी कागद नीट वाचला, घडी घातली आणि माझ्याच खिशात परत ठेवला.

"ह्यात पाच हजार वॅट लिहिलंय. तुमच्या घरचं मीटर घेईल का एवढं?"

"खोक्यावर लिहिलेलं होतं," मी म्हणालो.

"खोक्यावरचे वॅट आणि लग्नपत्रिकेतली नावं सारखीच असतात सर. सगळी काही जेवायला येत न्हाईत."

मग त्यांनी एक तयार डबा समोर ओढला आणि माठ घेताना वाजवतात तसा बोटाच्या पेरानं वाजवला. तो 'डब' म्हणाला. नंतर स्वतः केलेला वाजवला. तो 'ठक' म्हणाला. "डब म्हणला की समजायचं, हा स्वतःच गाणार. गाणाऱ्याला गाऊ देणार न्हाई." कमी पैशात घ्यायचा असेल तर इंच कमी घ्या, पण डबा जड घ्या, एवढा एकच सल्ला ते सगळ्यांना फुकट द्यायचे. आणि चांगला वुफर कोणता, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "चालू असताना कळत न्हाई आणि बंद केला की आठवतो, तो."

मी बसलेला असतानाच उमरीहून एक तरुण आला. त्याला गाडीत बसवायला वुफर हवा होता. गाडी गल्लीत शिरली की गल्लीला कळलं पाहिजे, एवढी त्याची अट.

"मग वुफर कशाला घेता? हॉर्न बसवा ना चांगला," मामा म्हणाले. "पुढच्या चौकात मिळतो."

तो हसला नाही. मामाही हसले नाहीत. त्याला त्यांनी खरोखरच पुढच्या चौकात पाठवलं.

अशा माणसाचा धंदा कसा चालत असेल, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. पण चालत होता. लोक लांबून यायचे. जळकोटच्या एका गुरुजींसाठी केलेला डबा मामा स्वतः एसटीनं घेऊन गेले, त्याची गोष्ट ते कुणालाही सांगत. कंडक्टरनं डब्याचं तिकीट मागितलं. मामा म्हणाले, अर्धं द्या, लहान हाय. पैसे देऊन झाल्यावर त्यांनी मांडीवरचा डबा उचलून शेजारच्या सीटवर खिडकीपाशी ठेवला. पुढच्या स्टॉपवर एक बाई चढल्या आणि डबा खाली ठेवा म्हणाल्या. "तिकीट काढलंय हो त्याचं," मामा म्हणाले. "मी उठतो, तुम्ही बसा. त्याला उठवू नका." आणि ते पुढचे दोन तास दांडीला धरून उभे राहिले.

मला वुफर कशाला हवा होता ते आता सांगतो. ते सांगताना मला बरं वाटत नाही.

माझे वडील, अण्णा, आयुष्यभर लातूरजवळच्या मुरुडला राहिले. तिथल्या भजनी मंडळात चाळीसेक वर्षं पखवाज वाजवला. आई गेल्यावर मी त्यांना नांदेडला आणलं, आणि इथं आल्यावर त्यांचे कान झपाट्यानं उतरले. कानातलं यंत्र आणून दिलं, ते त्यांनी चार दिवसांत कपाटात टाकलं. "नुसता चिमण्यांचा कालवा हाय त्यात," म्हणाले. मग टीव्हीचा आवाज वाढत गेला. वरच्या मजल्यावरचे लोक दोनदा येऊन गेले. एका संध्याकाळी मी अण्णांच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि त्यांच्या तोंडासमोर टीव्ही बंद केला. त्यांनी गुडघ्यावर ठेवलेले हात तसेच ठेवले. त्यानंतर ते स्वतःहून कधी टीव्ही लावेनात.

माझ्या चुलतभावानं मंडळाची जुनी भजनं कॅसेटवरून मोबाइलमध्ये घेऊन पाठवली होती. अण्णांनी दोन-तीनदा फोन कानाला लावून पाहिला. "टाळ जरा जरा ऐकू येतेत," म्हणाले, "पण मी कुठंय ह्यात?" पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावतात, त्यानं तो घुमारदार खालचा आवाज निघतो. तो त्या एवढ्याशा फोनमधून निघणं शक्यच नव्हतं. त्यासाठी वुफर. मी लोकांना सांगायचो, अण्णांना ऐकू यावं म्हणून घेतोय. ते अर्धंच खरं होतं. अर्धं, त्या रिमोटचं ओझं उतरावं म्हणून.

त्या दिवशी रांगणं संपवून, घाम पुसून मामा अण्णांच्या शेजारी दिवाणावर बसले. आम्ही सगळे अण्णांशी ओरडून बोलायचो. मामा ओरडले नाहीत. त्यांनी आवाज खाली नेला, जाड केला, आणि शब्द सुटे सुटे टाकले.

"अण्णा. पखवाज. कुणाच्या हातचा होता?"

"मुरुडच्याच सुताराचा," अण्णा लगेच म्हणाले. "खैराचं खोड. लई जड."

मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो. ओरडताना आपला आवाज बारीक होतो आणि म्हाताऱ्या कानाला बारीक तेवढंच ऐकू येत नाही, हे मामांनी मला नंतर सांगितलं. दोन वर्षं आम्ही त्या माणसाच्या कानात बारीक आवाजात किंचाळत होतो.

मामांनी त्या दिवशी फरशीवर फुली मारली नाही. दिवाणाच्या लाकडी फळीवर हात फिरवत ते म्हणाले, "सर, ह्यांच्यासाठी कोपरा शोधून उपयोग न्हाई. डबा ह्या फळीला खालून लागला पाहिजे. कानानं आलं न्हाई ते पाठीतून येईल. आणि वरच्या लोकांना काही कळायचं न्हाई." दुकानातला आठ इंची डबा त्यांनी आठ दिवस पाहायला म्हणून ठेवून घ्यायला लावला. तो उंच होता, दिवाणाखाली जाईना, म्हणून पायथ्याशी फळीला टेकवून ठेवला. अण्णा म्हणाले, "पायाला काहीतरी कळतंय." तेवढंच, पण ते रोज संध्याकाळी पाय तिकडं करून बसायला लागले.

त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये माझ्या एका सहकाऱ्यानं फोनवर एक वुफर दाखवला. बारा इंची. निळा दिवा, रिमोट, घरपोच. किंमत मामांच्या आठ इंचीएवढीच. मी गणित शिकवतो; त्याच पैशात आठ घ्यावेत की बारा, यात विचार करण्यासारखं मला काही दिसलं नाही. मामांनी पेरानं वाजवून दाखवलेलं सगळं मी त्या क्षणी विसरलो. मागवून टाकला.

मग मामांचा डबा परत करायला गेलो. दुसरीकडून घेतला, हे सांगायची लाज वाटली. त्यांनी माझ्या घरी येऊन दोन तास घालवले होते. म्हणून मी म्हणालो, "अण्णांना काही फरक पडला नाही मामा."

ते हातातला रंधा ठेवून माझ्याकडं बघायला लागले. "काहीच न्हाई?"

"काहीच नाही."

"पायालाबी न्हाई?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी डबा घेतला, फडक्यानं पुसला, जागेवर ठेवला. मी सुटल्यासारखा बाहेर पडलो.

नवा वुफर आला. आमच्याकडे घरात आलेली नवी वस्तू जमिनीवर ठेवत नाहीत. बायकोनं त्याला हळदकुंकू वाहिलं, चौरंगावर बसवला, वर विणलेला रुमाल घातला आणि त्यावर फुलदाणी ठेवली. मीच कोपऱ्यात नेऊन ठेवला, कारण तिथं तो चांगला दिसत होता. लावला तर खिडकीची तावदानं थरथरली, फुलदाणी चालायला लागली, वरचे लोक तिसऱ्यांदा खाली आले. साऱ्या घराला तो ऐकू येत होता. फक्त अण्णांना त्यात पखवाज सापडत नव्हता. चौरंगावरून तो काही दिवाणाच्या फळीपर्यंत पोचत नव्हता. अण्णा पाय पायथ्याला लावून पाहायचे, मग काढून घ्यायचे. "तो आधीचा कुठं गेला?" त्यांनी एकदा विचारलं. मी हा मोठा आहे, असं ओरडून सांगितलं.

मामांकडे जायचं तर खोटं उघडं पडणार. मी गेलो नाही. दोन आठवडे गेले असतील.

एका रविवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. मामा उतरले आणि त्यांनी आतून एक डबा बाहेर ओढला. तसा डबा मी पाहिला नव्हता. पाटाएवढा रुंद आणि जेमतेम वीतभर उंच. आडवा ठेवलेला, स्पीकरचं तोंड वर.

"सर, दिवाणाखाली बरोबर बसंल," आत येता येता ते म्हणाले. "चार वेळा कापला. पैशाची गोष्ट नंतर. आधी अण्णांना..."

आणि त्यांना कोपऱ्यातला चौरंग दिसला. रुमाल, फुलदाणी, निळा दिवा.

बायको आत निघून गेली. मी उभा होतो. मामांनी हातातला डबा अगदी सावकाश खाली ठेवला.

"चालतो का?" त्यांनी विचारलं.

"नुसता घुमतो."

"चौरंगावर ठेवल्यावर घुमंलच," ते म्हणाले. "सत्यनारायण हाय का तो?"

मग ते कामाला लागले. चौरंग काढला, बारा इंचीला कोपऱ्यातून ओढून भिंतीच्या मधोमध आणलं, मागचा खटका फिरवला, आवाज निम्म्याच्याही खाली आणला, आणि हवा घुमू नये म्हणून त्याच्या मागच्या भोकात माझेच दोन पायमोजे मागून घेऊन कोंबले. तो डबा माझा होता, त्यांचा नव्हता, तरी त्याला त्यांनी वळण लावलं. नंतर आपला चपटा डबा दिवाणाखाली सरकवला. खाली लाकडाचे तुकडे सारून तो फळीला घट्ट लावला. मी फोनवरचं भजन लावलं.

अण्णा मांडी घालून बसले होते. आधी काहीच झालं नाही. मग त्यांनी दोन्ही तळहात फळीवर टेकले, आणि थोड्या वेळानं डावा हात उचलला. तो मांडीवर पडायला लागला. अधूनमधून, मोजून. चेहरा बदलला म्हणावं तर तसंही नाही. फक्त कपाळाला आठी आली. लक्ष देऊन ऐकणाऱ्याला येते तशी.

"थांबव," ते मला म्हणाले. "मागं घे जरा."

मी मागं घेतलं.

"इथं. इथं डावं बसलंय. कणीक वाळली होती त्या दिवशी." ते मामांकडे वळले. "उन्हाळा होता. पाणी लावायला सवड मिळाली न्हाई मला."

मामांनी कान दिला. मान हलवली. "हाव. बसलंय."

मला त्यातलं काही कळलं नाही, आजही कळत नाही. पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या दुपारी वाळलेली कणीक माझ्या बापाला त्या दिवशी दिवाणाच्या फळीतून कळली, एवढं मी पाहिलं.

मामांना रिक्षापर्यंत पोचवायला गेलो तेव्हा मी म्हणालो, "मामा, मी खोटं बोललो. तुमच्या डब्यानं फरक पडला होता."

"आत आलो तेव्हाच कळलं मला," ते म्हणाले. "दुसरीकडून घेतला त्याचं काही न्हाई. बाजार हाय, लोक घेतेत. पण तुम्ही पायालाबी न्हाई म्हणलात ना, तेव्हा मला वाटलं माझा कान गेला."

मी रिक्षाची कड धरून उभा राहिलो.

"मी स्वतः ऐकलं होतं फळीला हात लावून. चांगलं येत होतं. आणि तुम्ही म्हणता काहीच न्हाई. म्हणजे मला भास झाला का? आठ दिवस गिऱ्हाईक केलं न्हाई. डॉक्टरकडं गेलो, त्यानं डोक्याला ते लावून शिट्ट्या वाजवल्या. म्हणाला वरचं गेलंय थोडं, खालचं शाबूत हाय. म्हणलं मला खालचंच लागतं." ते हसले. "मग हा डबा केला. म्हणलं, एवढ्यानंबी अण्णांना कळलं न्हाई, तर दुकान बंद."

रिक्षावाल्यानं रिक्षा चालू केली. मामांनी माझ्या दंडाला हलकंसं धरलं. "सर, डबा कुणाचाबी घ्या. पण आवाजाचं खरं सांगत जा."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ती एकमेव तक्रार. त्यानंतर ते दर गुरुवारी, दुकान बंद असायचं तेव्हा, अण्णांकडे यायला लागले. दोघं दिवाणावर बसून तीच पाच-सहा भजनं ऐकायचे आणि चुका काढायचे. मंडळातल्या हयात नसलेल्या माणसांच्या चुकाही सोडायचे नाहीत. मला बोलवायचे नाहीत आणि मी जायचोही नाही. आतल्या खोलीत पेपर तपासत बसलं की फक्त त्या दोघांचं खालच्या पट्टीतलं बोलणं ऐकू यायचं. घरात कुणी ओरडत नव्हतं. तसा काळ आमच्या घरात बऱ्याच वर्षांनी आला होता.

दोन वर्षांपूर्वी मामांनी दुकान आवरलं आणि ते लातूरला मुलीकडं राहायला गेले. यंदा परीक्षेच्या कामानं माझं लातूरला जाणं झालं, तेव्हा अण्णांनी बजावून सांगितलं होतं की पांचाळाला भेटल्याशिवाय येऊ नको. औसा रस्त्याच्या बाजूला मुलीचं घर. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मामा होते. वाळले होते. पण समोर डबा होता, नवा, रंग न दिलेला.

अण्णांची खुशाली विचारून झाली. मग म्हणाले, "बरं झालं आलात. हे ऐका."

त्यांनी एक गाणं लावलं. मी ऐकलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कसा हाय?"

पखवाजातलं कळत नसलं तरी घुमणं मला लगेच कळलं होतं. एका ठिकाणी आवाज फुगत होता, रिकाम्या पिंपातून आल्यासारखा. पण मामा आता थकले होते. हा डबा त्यांनी किती दिवस केला असेल, मला माहीत नव्हतं. मुलगी चहा घेऊन आली होती, तीही माझ्याकडे बघत होती. चांगला आहे म्हणणं फार सोपं होतं. खरं तर ते प्रेमाचंच वाटलं असतं.

"मामा," मी म्हणालो, "अंतऱ्याच्या सुरुवातीला घुमतोय."

मुलीनं कप खाली ठेवला.

"सुरुवातीलाच ना? पुढं न्हाई?"

"पुढं नाही. फक्त सुरुवातीला."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मोठा श्वास सोडला. सगळा चेहरा सैल झाला.

"मलाबी तिथंच लागत होतं," ते म्हणाले. "चार दिवसांपासून. घरातले सगळे म्हणतेत, छान हाय बाबा, छान हाय. म्हणलं आता खरंच गेला वाटतं कान." ते मुलीकडे वळले. "ऐकलं का गं? घुमतोय म्हणतेत सर."

एवढ्या आनंदानं आपल्या कामातली खोट कुणाला सांगताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी पेचकस घेतला आणि मागची फळी उघडायला लागले. माझा चहा संपला, मी येतो म्हणालो. त्यांनी मान वर केली नाही. स्क्रू एकेक काढून ओठांत धरले होते, त्यामुळं बोलता येत नव्हतं. डावा हात मात्र त्यांनी उचलला आणि जा म्हणून हलवला, कामात असलेला माणूस हलवतो तसा.